श्राद्धाच्या दिवशी झालेला करार

ये गं, अशी जवळ बस. कागदावरच बस म्हणते आहे, कारण प्रत्यक्ष यायला तुला सवड कुठे आहे? न्यू टाउनहून माझ्या घरी यायचं तर दीड तास लागतो, म्हणून तुला कंटाळा. आणि पुण्याला विमानाने जायचं तर वर्षातून तीनदा सवड होते. सख्खी मावशी याच कोलकात्यात राहते आणि तुझी खुशाली मला तुझ्या आईकडून, पुण्याहून कळते. ही काय रीत झाली? बरं, रागावत नाही. ऐक.

तुला आठवतं का, तुझ्या त्या जिमवाल्यांनी मुदतीआधी सोडलंस म्हणून दंड लावला होता? माझ्याच टेबलावर जेवत होतीस. डाव्या हाताने मोबाइल काढलास, अंगठा टेकवलास, भरून मोकळी झालीस आणि पुन्हा आमटी ओरपायला लागलीस. मी म्हटलं, "अगं, विचारलंस तरी का, कशाचे?" तर म्हणालीस, "जाऊ दे गं मावशी, कोण डोकं लावणार."

हे 'जाऊ दे' मी बेचाळीस वर्षं ऐकलं. तुझ्या काकांचा तो आवडता शब्द. बजबजला ज्यूट मिलच्या क्वार्टरमध्ये लग्न होऊन आले तेव्हा दूधवाला रोज पाणी घालायचा. मी दारात भांडायची आणि हे आतून म्हणायचे, "जाऊ दे." बंगाली मी त्या दूधवाल्याशी भांडूनच शिकले. शाळा माझी दहावीपर्यंत, पण भांडण्यापुरत्या तीन भाषा येतात. आज हे असते, तर मी सांगते आहे ते काही घडलंच नसतं. यांनी पैसे भरून टाकले असते.

तर झालं असं. घरातलं इंटरनेट यांच्या नावावर होतं. जाऊन सहा वर्षं झाली, पण मी नाव बदललं नाही. वीजबिल बदललं, बँक बदलली, गॅस बदलला. हे एक राहिलं. राहिलं म्हणजे काय, मीच राहू दिलं. महिन्याच्या पाच तारखेला पाकीट यायचं, त्यावर खिडकीतून यांचं पूर्ण नाव दिसायचं. टपालाने यांच्या नावाने येणारं तेवढं एकच काही उरलं होतं. मी ते पाकीट लगेच फोडायची नाही. दोन दिवस टीव्हीखाली ठेवायची. आता हस, मी बघत नाही आहे.

पावसाळ्यापासून लाइन सारखी जायची. आमच्या गल्लीत खांबावर तारांची अशी जाळी झाली आहे की कावळासुद्धा बसताना विचार करतो. शेवटी पौषात मी कंपनीला कळवलं, तुमची सेवा नको. त्यांचा माणूस येऊन वायफायचा डबा घेऊन गेला आणि मी पाड्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्याच, केबलवाल्याकडून लाइन घेतली. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत लिहिलं होतं की आपण बारा महिन्यांचा करार मधेच मोडल्याबद्दल शुल्क, साडेचार हजार.

कसला करार? मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

त्या दिवशी मुलाचा बेंगळुरूहून फोन आला, तेव्हा मी बोलून गेले. तिथेच चुकलं. तो म्हणाला, "आई, मी आत्ता भरतो. विषय संपव."

"भरायचे का पण? मी करार केलाच नाही."

"केला असशील गं. फोनवर कुणीतरी विचारलं असेल, तू हो म्हणाली असशील. तुझ्या लक्षात नाही."

"माझ्या लक्षात नाही?"

"आई, चिडू नको. म्हणूनच म्हणतो ना, आता इकडे ये. ही असली कामं तुला एकटीने नाही झेपत. मार्चमध्ये मी येतो, फ्लॅटचं काय ते बघू."

म्हणजे बघ, साडेचार हजारांत माझा फ्लॅट निघाला होता. ते पैसे भरले असते तर मी कबूल केलं असतं की मी काहीतरी करून बसले आणि विसरले. आणि विसरणाऱ्या बाईला कोण एकटं राहू देतं? पोरगा माझा गुणी आहे, वाईट हेतू मुळीच नाही. पण त्याच्याकडे सतराव्या मजल्यावर मी काय करू? तिथे खाली उतरून भांडायला दूधवालासुद्धा नाही. दूध ॲपवर येतं.

मी सांगितलं, "भरायचे नाहीत. भरलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, थांबा, गाणं ऐका. मग एक मुलगी आली. हिंदीत गोड आवाजात म्हणाली, "ग्राहकाचं नाव सांगा."

आता आली का पंचाईत! तुला हसू येईल, पण मी यांचं नाव उभ्या जन्मात तोंडाने घेतलं ते फक्त उखाण्यात. कचेरीत गेले तर मी कागद पुढे करते आणि बोट ठेवते. फोनवर बोट कुठे ठेवू?

मी म्हटलं, "बिलावर आहे ना बाई, तुझ्यासमोर."

"तुम्हीच सांगायला हवं, मॅडम. नियम आहे."

"आडनाव सांगते. चालेल?"

"पूर्ण नाव, मॅडम."

मी फोन ठेवला. दहा मिनिटं स्वयंपाकघरात उगीच डबे पुसले, पुन्हा लावला. या खेपेला दुसरी मुलगी. तिला मी आडनाव, पत्ता आणि मोबाइल नंबर असं भरभर सांगितलं, ती बाकीचं नाव विचारायला विसरली. तिने कॉम्प्युटरात बघितलं आणि सांगितलं, "ग्राहकाने सप्टेंबरमध्ये आमची दुर्गापूजेच्या वेळची पूजा ऑफर घेतली आहे. वेग जास्त, बारा महिन्यांचं बंधन. ओटीपी देऊन संमती दिलेली आहे." आणि तिने तारीख सांगितली.

मी तशीच उठून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे गेले. मराठी कॅलेंडर मला दर दिवाळीला तुझी आई पाठवते, आणि जुनं मी टाकत नाही, नव्याच्या मागे लटकवते. त्याच्या चौकटीत मी सगळं लिहिते. दूध दोन, गॅस आला, बाई आली नाही. सप्टेंबरचं पान काढलं आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. पितृपक्ष. आणि पितृपक्षातलीही यांची तिथी.

तो दिवस मी विसरेन? मुलगा तेव्हा कामासाठी परदेशात होता, म्हणून श्राद्धाला मीच बसले. दोन नातेवाइकांनी नाकं मुरडली, बाई कशी बसते म्हणून. पुण्याच्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, बसा खुशाल. इथे आपले गुरुजी मिळणं कठीण, म्हणून ते मोबाइलवर दिसत होते, मी पाटावर. यांचं नाव-गोत्रही माझ्या वतीने तेच पुटपुटले. सकाळपासून खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी केलेली. आणि ऐन पिंडाच्या वेळी गुरुजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नेट गेलं! साधा फोन लावून स्पीकरवर ठेवला, उरलेलं तसंच उरकलं. मधेच कंपनीकडे तक्रारही नोंदवली.

तीनच्या सुमारास त्यांचा माणूस आला. मिशा पिकलेला, शिडी खांद्यावर, घामाघूम. तार जोडून दिली आणि मावशीला इथे म्हणतात तसं म्हणाला, "माशीमा, मोबाइलवर नंबर आलाय, तो सांगा, म्हणजे तक्रार बंद होईल." माझे हात पिठाचे. मी वाचून दाखवला. मग श्राद्धाच्या दिवशी दारात आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा? त्याला पानावर बसवलं. त्याने चार वडे खाल्ले आणि आमसुलाची चटणी दोनदा मागून घेतली. हे सगळं चौकटीत आहे. 'नेट गेलं १२.४०. माणूस आला ३. नंबर दिला. जेवला.' माझ्याच अक्षरात.

म्हणजे तक्रार बंद करायच्या नंबराने कंपनीने नवा करार उघडला होता. आणि कुणाबरोबर? ग्राहक कोण? हे! ज्यांचं पान मी नुकतंच कावळ्यासाठी गच्चीत ठेवून आले होते, त्यांनी त्या दुपारी तीन वाजता पूजा ऑफर घेतली होती.

मी खरं सांगते, आधी मला हसू आलं. मग रडू आलं. मग जो राग आला तो आठवडाभर उतरला नाही.

ते पान मी कॅलेंडरातून फाडलं, निळ्या फाइलीत घातलं. तीच फाइल, जिच्यात यांचा मृत्यूचा दाखला आहे. दाखला काढायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. एकदा तो दाखवला की नाव गेलं, हे मला कळत होतं. पण फाइल मात्र घेतली. आपण बायका दुकानात साखर आणायला निघालो तरी सगळी कागदपत्रं घेतो. पिशवीत पाण्याची बाटली, दोन पोळ्या आणि वातींचा कापूस. मेट्रो बदलून सॉल्ट लेकला गेले, तिथून टोटोने, त्या बॅटरीच्या रिक्षेने, सेक्टर फाइव्ह. तुझ्या ऑफिसवरून गेले असेन कदाचित. फोन केला नाही, तू मीटिंगमध्ये असणार.

काचेचं ऑफिस. काउंटरवर एक बंगाली मुलगी, गालाला खळी. टोकन दिलं आणि म्हणाली, "बसा माशीमा, वेळ लागेल."

मी म्हटलं, "लागू दे. मी वेळ घेऊनच आले आहे." आणि कापूस काढून वाती वळायला लागले.

शेजारच्या खुर्चीवर माकडटोपी घातलेले एक गृहस्थ होते. आत ए.सी. आणि बाहेर कोलकात्याची थंडी, मग टोपी कशाला उतरवतील? दमदमहून आलेले, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी माझ्या हातातल्या वातींकडे आणि मग मांडीवरच्या बिलाकडे बघितलं.

"पूजा ऑफर?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीसुद्धा?"

"मी तर मॉडेम बदलायचा नंबर दिला होता," ते म्हणाले. "तुमच्याकडे कोण आला होता? पिकल्या मिशांचा?"

"हो. तुमच्याकडे?"

"दाढीवाला. चोवीस-पंचवीसचा."

म्हणजे त्या वडे खाणाऱ्या बिचाऱ्याची ही एकट्याची करामत नव्हती. मला बरं वाटलं. माझ्या घरी जेवलेल्या माणसाबद्दल मला वाईट विचार करावा लागत नव्हता.

तासाभराने आत बोलावलं. मॅनेजर तुझ्याच वयाचा, टाय लावलेला. मी कॅलेंडरचं पान त्याच्यासमोर पसरलं आणि सांगितलं की तो आमचा पितृपक्ष. या पंधरवड्यात आमच्याकडे कुणी नवीन झाडूसुद्धा विकत घेत नाही, करार कुठला करते मी?

तो हसला. "माशीमा, पितृपक्ष आम्हालाही आहे. पण महालयेच्या अमावस्येआधीच तर आमच्याकडे पूजेची खरेदी असते. सगळं कोलकाता तेव्हाच कपडे घेतं, तेव्हाच ऑफर घेतं."

"कोलकाता घेऊ दे. मी घेत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं तुमच्या शहरात राहते, पुजो बघते, भोग खाते, पण माझ्या घरात त्या पंधरा दिवसांत पिशवीभर तांदूळ जास्तीचा येत नाही."

"पण हे कॉम्प्युटरला कसं कळणार?" तो पडद्याकडे बघून म्हणाला. "इथे स्पष्ट आहे. तीन वाजून वीस मिनिटं. ग्राहकाने स्वतः संमती दिली."

"ग्राहकाने स्वतः?"

"हो. स्वतः."

"नीट वाचा. कुणी?"

त्याने पडद्यावरचं नाव वाचलं. मोठ्याने, पहिलं, मधलं, आडनाव, बंगाली उच्चारात गोल गोल करून. सहा वर्षांत कुणी ते नाव माझ्यासमोर एवढ्या मोठ्याने घेतलं नव्हतं. माझ्या हातातली वात तुटली.

काय सांगू तुला, मी फाइलीवर हात ठेवला. पाकीट डोळ्यांसमोर आलं, टीव्हीखालचं. तो मॅनेजर म्हणाला, "मॅडम, त्यांनाच घेऊन या ना एकदा, ते सांगतील." आणि मग माझा हातच उठला. दाखला काढून त्या कॅलेंडरच्या पानाशेजारी ठेवला.

मी यांचं नाव घेतलं. उखाण्याशिवाय, सरळ. पहिलं, मधलं, आडनाव. आणि सांगितलं, "हे माझे यजमान. सहा वर्षांपूर्वी गेले. तुम्ही म्हणता त्या दिवशी माझ्या घरी त्यांचं श्राद्ध होतं. तुमचा माणूस त्यांच्याच श्राद्धाचं जेवून गेला. आता सांगा, संमती कुणी दिली?"

तो दाखल्याची तारीख बघायचा, पडद्याकडे बघायचा, पुन्हा दाखला. काउंटरवरची खळीवाली मुलगी फायली द्यायला आत आली होती, ती दारातच थांबली.

शेवटी तो म्हणाला, "पण मग तुम्ही नाव बदलून घ्यायला हवं होतं. हा नियमभंग आहे."

"आहे. ती चूक माझी. कबूल आहे, लिहून देते. तुमची चूक तुम्ही लिहून द्या."

तो गेला, कुणाशी तरी फोनवर बोलला, आला. चेहरा एकदम मऊ. "माशीमा, आम्ही शुल्क माफ करतो. तुम्ही निश्चिंत घरी जा." छापलेलं पत्र पुढे केलं. वर यांचं नाव, 'महोदय' म्हणून, आणि खाली लिहिलेलं की आपलं वय लक्षात घेऊन विशेष सवलत म्हणून हे शुल्क माफ करण्यात येत आहे.

तू असतीस तर घेऊन बाहेर पडली असतीस. हेसुद्धा असते तर त्यांनी हात जोडले असते. मी ते पत्र त्याच्याकडे परत सरकवलं.

"हे कुणाला लिहिलं आहे? ते वाचायला येणार नाहीत. आणि माझं वय तुमच्याकडे कुणी काढलं? मी सवलत मागायला आलेच नाही."

"अहो, पैसे तर वाचले ना तुमचे!"

"पैसे वाचले, पण कागदावर मी म्हातारी, विसरभोळी आणि तुम्ही दयाळू. असा कागद मला माझ्या मुलाला दाखवता यायचा नाही."

तो म्हणाला, ठरलेला मजकूर आहे, बदलता येत नाही. मी म्हटलं, "बरं. मग मी बाहेर बसते. मजकूर बदलता आला की हाक मारा. कापूस पुष्कळ आहे."

आणि बसले की गं! पोळ्या खाल्ल्या, हेडमास्तरांना अर्धी दिली. काउंटरवरच्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन विचारलं, "माझी आजी, ठाकुमा, पण अशा वळायची. मी करू?" तिला जमेना, जाड व्हायच्या, पण वळत बसली. मॅनेजर काचेतून दोनदा डोकावला. त्याच्याच ऑफिसात त्याच्याच काउंटरवरची मुलगी माझ्या वाती वळते आहे म्हटल्यावर तो तरी काय करणार?

अडीचला हाक आली. नवीन कागद. वर माझं नाव. माझं, श्रीमती लावून, पूर्ण. खाली चार ओळी, की अमुक तारखेच्या करारासाठी ग्राहकाची संमती घेतली गेली नव्हती, शुल्क चुकीने लावलं गेलं होतं, ते रद्द केलं आहे. सही, शिक्का. मी सगळं दोनदा वाचलं, मग माझ्या चुकीचा अर्ज लिहून दिला, नाव बदललं नाही म्हणून. खातं कायमचं बंद झालं. बाहेर आले तर हेडमास्तर टोपी सारखी करत उठले. "दीदी, जरा बघू तो कागद. मला अगदी हाच मजकूर हवा आहे." त्यांनी तो तिथेच वहीत उतरवून घेतला आणि हेडमास्तरासारखे ताठ चालत आत गेले.

घरी येऊन मुलाला फोटो पाठवला. लगेच फोन. "आई, हे तू लिहून घेतलंस?"

"मी कुठलं? त्यांनी लिहिलं. मी नुसती बसले होते."

त्या चार ओळी त्याने मोठ्याने वाचल्या. मग म्हणाला, "मार्चमध्ये येतो. राहायला येतो, चार दिवस." फ्लॅटचं नाव काढलं नाही. सध्या तरी नाही.

आता पाच तारखेला पाकीट येत नाही. पहिल्या महिन्यात मी दोनदा खाली जाऊन टपालाची पेटी उघडली, खोटं कशाला सांगू. जुन्यातलं एक, न फोडलेलं, टीव्हीखाली ठेवून दिलं आहे. ते राहील तिथे. आणि यांचं नाव आता मला घेता येतं. परवा औषधाच्या दुकानात घेतलं, जीभ अडखळली नाही.

तुझ्या जिमचा तो कागद असेल ना मोबाइलात? शोधून ठेव. पैसे भरलेस म्हणून काय झालं, विचारायला अजून वेळ गेलेली नाही. या रविवारी ये. मी अळूचं फतफतं करते, पण आमसुलं संपली आहेत, आईने पाठवली असतील तर घेऊन ये. सकाळीच ये, म्हणजे तो कागद आपण नीट वाचू. आणि येते आहे म्हणून फोन करू नकोस. फोन केलास की तुझं येणं रद्द होतं. सरळ येऊन बेल वाजव.